खळगीला एक टँकर पाणी

प्रवासाहून आलेली माणसं लडाखचं लिहितात, अंदमानचं लिहितात. मी रहाटणीहून निघालो आणि चाकणच्या पलीकडे पाण्याच्या एका खळगीपर्यंत गेलो. स्कूटरवरून, एक दिवसाआड, जवळजवळ दोन आठवडे. खळगी माझ्या हॉलएवढी, खोली जास्तीत जास्त गुडघ्याएवढी. तिथे बघण्यासारखं काय आहे हे मलाही आधी माहीत नव्हतं, आणि पहिल्या दिवशी तर मी ते न बघताच परत आलो. तरी लिहितोय, कारण तुमच्यापैकी कुणी तिथे गेलेलं नसणार. टँकर घेऊन गेलेला तर नक्कीच मी एकटा.

जाण्याचं कारण

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सुनंदा गायकवाड राहतात. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. मॅडम महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या. दर पावसाळ्यात पाठीला सॅक आणि पायात रबरी बूट घालून त्या बस बदलत बदलत माळावर जायच्या. शेवाळलेल्या कातळावर त्यांचा पाय कधी घसरला नाही. तो घसरला आमच्या सोसायटीच्या लॉबीत, नव्या टाइल्सवर. टाइल्स निवडणाऱ्या कमिटीचा अध्यक्ष मी होतो.

मी सगळी हयात चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत काढली. प्रेसमधून निघालेला पत्र्याचा पार्ट हातात घेतला की केसाएवढी चीरही माझ्या नजरेतून सुटत नाही, असं मी घरी सांगत असे. टाइल्स निवडताना मी फक्त चमक बघितली.

तर मॅडमचा पाय प्लास्टरमध्ये, आणि मी सफरचंदं घेऊन दारात. सफरचंदांनी भागणार नाही हे मलाही कळत होतं. त्यांनी मला कपाटातून एक जाड नोंदवही काढायला लावली. वहीत एकेका खळगीचं एकेक पान, वर मॅडमच्या अक्षरात नाव: म्हशीची खळगी, दोन दगडांची खळगी, माणची खळगी. बहुतेक पानांवर तिरकी रेघ. माणची खळगी आता कुठल्याशा आयटी कंपनीच्या पार्किंगखाली होती. म्हशीची खळगी एका टॉवरखाली. रेघ नसलेलं एकच पान उरलं होतं, ‘कोपऱ्यातली खळगी’.

“हिच्यावरही दिवाळीनंतर मुरूम पडणार,” मॅडम म्हणाल्या. “प्लॉट गोदामवाल्यांनी घेतलाय. त्याआधी मला तिच्यातला गाळ काढून घ्यायचाय.”

गाळच का, हे त्यांनी मला सातवीतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. त्या खळगीत ट्रायॉप्स नावाचा प्राणी राहतो. कोळंबीचा लांबचा नातेवाईक. दिसायला बेडकाच्या पिल्लासारखा, पाठीवर ढाल, डोळे तीन. पावसाने खळगी भरली की दोन-तीन दिवसांत अंड्यातून बाहेर येतो, दोन-अडीच आठवड्यांत वयात येऊन अंडी घालतो, आणि खळगी आटली की मरतो. अंडी मात्र गाळात राहतात. उन्हाळ्यात कातळ तव्यासारखा तापतो, तरी त्यांना काही होत नाही. वर्षानुवर्षं पडून राहतात. आणि पुढच्या पावसात सगळी एकदम फुटतही नाहीत. काही फुटतात, काही मागे थांबतात. हे पाणी फसवं निघालं तर पुढच्या पाण्यासाठी कुणीतरी शिल्लक हवं म्हणून.

“म्हणजे अख्खी वस्ती त्या वीतभर गाळात असते,” मॅडम म्हणाल्या. “गाळ राहिला तर ती राहिली. तो उचलून शेजारच्या गायरानातल्या एखाद्या खळगीत टाकायचा, एवढंच माझ्या हातात आहे.”

पण यंदा अंडी पडली का, कधी पडली, हे कुणीतरी जाऊन बघायला हवं होतं. मी म्हटलं, मी जातो. मॅडम माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. माझ्या मते त्या टाइल्सचा विचार करत होत्या.

“कदम,” त्या म्हणाल्या, “तुम्ही फक्त बघायचं आणि लिहायचं. करायचं काही नाही.”

“करण्यासारखं तिथे आहेच काय?” असं मी म्हटल्याचं मला स्वच्छ आठवतं.

पहिला दिवस

नाशिक फाटा ते चाकण या टप्प्याबद्दल मी काही लिहीत नाही. ज्यांनी तो पार केलाय त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी केला नाही त्यांचा विश्वास बसणार नाही.

चाकण मागे पडलं, एमआयडीसीचा शेवटचा डांबरी रस्ता संपला की माळ सुरू होतो. काळा कातळ, त्याच्या भेगांमधून उगवलेलं कोवळं गवत, आणि मागे वळून बघितलं तर निळ्या शेडची लांबच लांब रांग. इतकी वर्षं मी त्या रांगेतून बाहेर बघत होतो. बाहेर हे एवढं आहे, आणि त्यात कुणीतरी राहतं, हे कधी सुचलं नव्हतं.

माळाचा एक मोठा तुकडा काटेरी तारेने घेरलेला. फाटकावर पत्र्याची केबिन, आणि केबिनीत गुणवंत नावाचा वॉचमन, लातूरकडचा. त्याने येणाऱ्याचं रजिस्टर पुढे ओढलं आणि भेटीचा उद्देश विचारला. मी म्हटलं, किडे बघायला आलोय. त्याने एकदा मला न्याहाळलं आणि गंभीरपणे काहीतरी लिहिलं. जाताना सही करताना मी वाचलं. उद्देशाच्या रकान्यात ‘पेस्ट कंट्रोल’ होतं. दुरुस्त करावं असं वाटलं, पण त्याचं अक्षर इतकं छान होतं की मी तसंच ठेवलं. ती एक चूक.

खळगी प्लॉटच्या टोकाला, तारेला लागून. तारेच्या बाहेर गायरान. वरच्या अंगाने बैलगाडीची जुनी वाट जाते, तीच वळसा घेऊन खळगीच्या खालच्या अंगाला उतरते. हा भूगोल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाण्यात काळी काळी पिल्लं वळवळत होती. मी दगडावर रुमाल अंथरून बसलो, चेकशीट काढलं आणि तासभर काटेकोर मोजदाद केली. संध्याकाळी मॅडमना फोनवर अहवाल दिला: एकूण अठ्ठावन्न, पैकी मागचे पाय फुटलेले चार.

“कदम, ट्रायॉप्सला मागचे पाय फुटत नाहीत. बेडकाला फुटतात.”

तिसरा दिवस

या खेपेला मी पाण्याकडे न बघता पाण्याच्या तळाकडे बघितलं, मॅडमनी सांगितलं होतं तसं. आधी काहीच दिसलं नाही. मग गाळाचा एक तुकडा चालायला लागला.

मातकट हिरवट रंगाची, अंगठ्याच्या नखाएवढी ढाल. ढालीखालून बाहेर आलेली लवचीक शेपटी, आणि शेपटीच्या टोकाला दोन लांब दोरे. तो गाळ उकरत चालला होता, एखाद्या छोट्या बुलडोझरसारखा. समोर आलेलं सगळं खात होता: शेवाळ, मेलेला डास, आणि नंतर स्वतःचाच एक धाकटा भाऊबंद. मी खारी बिस्किटाचा चुरा टाकला. तोही खाल्ला. मग आठवलं, फक्त बघायचं. बिस्किट खिशात ठेवलं.

एक जण उलटा होऊन वर आला तेव्हा त्याचे पाय दिसले. ते मी मोजायला गेलो आणि सोडून दिलं. पानांसारखे पातळ पाय, ओळीने, एकामागून एक हलणारे. पिकावर आलेल्या जोंधळ्यावरून वारा गेला की जसा एक पट्टा वाकत जातो, तसे. ढालीवर पुढे दोन डोळे, आणि त्यांच्या मधोमध एक पांढरट ठिपका, तो तिसरा. मी कंपनीतून निवृत्त होताना भेट मिळालेलं व्हर्नियर कॅलिपर बरोबर नेलं होतं. एकाला ओंजळीत धरून ढालीची लांबी घेतली, दशांशासह. त्याला सोडल्यावर तो सरळ गाळात घुसला. इतक्या वर्षांत माझ्या तपासणीतून सुटका झाल्याचा एवढा आनंद कुठल्याही पार्टने दाखवला नव्हता.

मोजले एकेचाळीस. हे एकेचाळीस मॅडमनी मान्य केले.

पाचवा दिवस

खळगीजवळ शेळ्या घेऊन एक बाई बसलेली असायची. अनुसयाबाई. माळाखालच्या गावातली, वय पासष्टीच्या पुढे, डोक्यावर पोत्याची खोळ. त्या दिवशी तिने मला जेवायला बसवलं. बाजरीची भाकरी, कांदा आणि ठेचा. आमच्या बार्शीकडे भाकरी ज्वारीची आणि ठेच्यात शेंगदाणा असतो. तो जिभेला थोडा धीर देतो. इथल्या ठेच्यात मिरची, लसूण आणि मीठ होतं, दयामाया नव्हती. मी पाण्याची बाटली संपवली आणि हळूच खळगीकडे बघितलं.

“त्ये पिऊ नगा,” ती म्हणाली. “त्यात शेळ्या मुततात.”

मला वाटत होतं, या प्राण्याला इथे काहीतरी जुनं, सुंदर नाव असणार. मॅडमच्या वहीत ते जाईल, खाली ‘माहिती: कदम’ असं येईल. मी विचारलं, मावशी, याला तुमच्याकडे काय म्हणतात?

“काय न्हाई.”

“काहीतरी म्हणत असाल की.”

“पाण्यातला किडा म्हणतो. शेळी खात न्हाई, मानूस खात न्हाई. नाव ठिवून करायचं काय?”

मी माझ्या वहीत लिहिलं: स्थानिक नाव नाही.

नववा दिवस

पावसाने पाठ फिरवली. सलग सहा दिवस ऊन. खळगी काठाने आक्रसत गेली. जिथे गुडघाभर पाणी होतं तिथे घोट्याएवढं राहिलं. आणि त्या कोमट पाण्यात मला जे दिसलं त्याने माझं धाबं दणाणलं.

अर्धेअधिक ट्रायॉप्स पाण्याच्या पृष्ठभागाशी उताणे झाले होते. पोटं वर, पाय हलतायत न हलतायत असे. आणि काठाच्या चिखलात रिकाम्या ढाली पडलेल्या, पारदर्शक, आतलं सगळं गेलेल्या. एकेक उचलून मी ओळीने दगडावर मांडल्या. सतरा. वहीत लिहिलं: मयत, १७.

आता मी काय करायला हवं होतं ते सांगतो. कंपनीत रिजेक्शन वाढलं की आम्ही काही करण्याआधी मूळ कारण शोधायचो. पाच वेळा ‘का’ विचारायचा, हे मी नव्या पोरांना शिकवलंय, फळ्यावर लिहून. इथे एकदाही विचारला नाही. मॅडमना फोन केला असता तर एका मिनिटात कळलं असतं. पण त्या आधीच माझ्या टाइल्समुळे पडून होत्या. आता त्यांची शेवटची खळगी माझ्या पहाऱ्यात मेली, हे मला सांगवेना. त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, कसं आहे. मी म्हटलं, ठीक.

आणि खरं कारण आणखी खोल आहे. मी बार्शीकडचा. आमच्याकडे पाणी आटलं की वाईट आणि आलं की चांगलं, यापलीकडे पाण्याचं तिसरं काही असतं हे कुणी शिकवलंच नाही. लहानपणी विहिरीचा तळ दिसायला लागला की घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. असा माणूस आटणाऱ्या पाण्याच्या काठी चेकशीट घेऊन शांत बसू शकत नाही. त्याचे हात शिवशिवतात.

अकरावा दिवस: टँकर

आमच्या भागातल्या माणसाला पाणी कमी पडलं की एकच उपाय सुचतो. रहाटणीत उन्हाळ्यात रोज टँकर येतो, तो मोजून घेण्याचं कामही सोसायटीने मलाच दिलंय, त्यामुळे नामदेव टँकरवाला माझ्या चांगल्या ओळखीचा. मी त्याला चाकणच्या पुढे यायला सांगितलं. तो आला, उतरला आणि टाकी शोधायला लागला.

“कुठं सोडायचं, काका?”

मी खळगी दाखवली. त्याने खळगी बघितली, मला बघितलं, मग पुन्हा खळगी बघितली.

“काका, लोकं डबक्यातनं पानी उपसून भांडी भरतेत. भरलेला टँकर डबक्यात वतनारा मानूस आज बघितला.”

गुणवंत फाटकावरून चालत आला. मला वाटलं, हा अडवेल. त्याने टँकरकडे बघून समजल्यासारखी मान हलवली. “आज फवारणी करायलाव का काका? करा. डास लई झालेत.” रजिस्टरमध्ये दीड आठवडा पेस्ट कंट्रोल लिहिणाऱ्या माणसाला पेस्ट कंट्रोलचा टँकर आल्याचं नवल वाटायचं कारण नव्हतं.

टँकर वरच्या वाटेवर उभा राहिला. नामदेवने जाड पाइप तारेतून आत सोडला आणि व्हॉल्व फिरवला.

मी समजत होतो, पाणी हळूहळू चढेल. मी घरच्या बादलीसारखा विचार केला होता. टँकरचं पाणी उतारावरून येतं ते बादलीसारखं येत नाही. पाइपाचं तोंड एकदा उसळलं, सापासारखं फिरलं, आणि पाण्याचा लोट सरळ खळगीच्या तळावर आदळला. तळाचा गाळ ढवळून वर आला. खळगी चहासारखी झाली, काठोकाठ भरली, आणि तो चहा खालच्या काठावरून, तारेखालून, बाहेर वाहायला लागला. मी “बंद कर” म्हणून ओरडलो. नामदेवला इंजिनच्या आवाजात ते “आणखी कर” असं ऐकू आलं असं तो म्हणतो. माझ्या मते त्याने मजा बघितली.

व्हॉल्व बंद झाला तेव्हा खळगीचा तळ मला पहिल्यांदा दिसला. धुतलेला, काळाभोर, स्वच्छ कातळ. सोसायटीच्या लॉबीसारखा चमकत होता.

एवढ्यावर संपलं नाही. टँकर परत फिरायला खालच्या अंगाने आला. तिथे मातीचा थर होता, तो माझ्याच पाण्याने लिबलिबीत झालेला. मागचं चाक रुतलं. नामदेवने गियर टाकला, चाक जागच्या जागी फिरलं, आणखी खोल गेलं. अनुसयाबाईने शेळ्या बांधल्या, आम्ही तिघं-चौघं दगड आणून चाकाखाली टाकत राहिलो. दोन तासांनी टँकर निघाला. मागे मांडीएवढी खोल चाकोरी राहिली, आणि वरून अजून मातकट पाणी तिच्यात झिरपत होतं.

अनुसयाबाई हात धूत म्हणाली, “दादा, पाणी कशापायी वतलं?”

मी म्हटलं, आटत होतं ना. मरत होते.

“आटू द्यायचं की. आटल्याबिगर त्ये फुडल्या साली येत न्हाईत. आमी बारकं हुतो तवापासनं बघतोय. मला इचारायचं हुतं.”

मॅडमच्या घरी

संध्याकाळी मी मॅडमसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. उताणे, सतरा मयत, टँकर. रिकाम्या ढालींपाशी त्यांनी हात वर केला.

“फाटलेल्या होत्या का? मागून उघडलेल्या?”

हो, म्हटलं.

“कात टाकतात ते. वाढताना. आणि पाण्यात हवा कमी झाली की उताणे होऊन वरची हवा घेतात.” मग हळू आवाजात: “मेला कुणीच नव्हता, कदम.”

मी सफरचंदाच्या टोपलीकडे बघत बसलो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्यांच्याही नजरेला नजर देववेना. मॅडमनी वही उघडली, ‘कोपऱ्यातली खळगी’चं पान काढलं, पेन उचललं. मला वाटलं आता तिरकी रेघ येणार. पेन तसंच धरून त्या विचार करत होत्या.

“अंडी दिसली होती? अकराव्या पायाजवळ छोट्या डब्या असतात, लालसर.”

सातव्या की नवव्या दिवशी दिसल्या होत्या. तोंडलीच्या बियांएवढ्याही नाहीत, पण दिसल्या होत्या. माझ्या वहीत होतं.

“म्हणजे अंडी पडली असणार. गाळात. मग मला एवढंच सांगा, गाळ गेला कुठे?”

हा प्रश्न माझ्या धंद्यातला होता. माल लाइनवरून गायब झाला तर तो कुठेतरी पडलेला असतो. मी तो विचारायला हवा होता. विचारला पाय प्लास्टरमध्ये असलेल्या एका शिक्षिकेने.

दुसऱ्या दिवशी मी आडदिवस असूनही गेलो. खळगीत ट्रायॉप्स शिल्लक होते नऊ. खालच्या काठापासून गाळाचा माग काढत मी तारेखालून सरपटत बाहेर गेलो. शर्ट फाटला. माग जिथे थांबत होता तिथे अनुसयाबाई आधीच उभी होती.

“तुमच्या गाडीच्या चाकोरीत बसलाय की समदा,” ती म्हणाली.

चाकोरी काठापर्यंत मऊ, बारीक, तपकिरी गाळाने भरली होती. मी तिथेच बसलो. या खेपेला कशालाही हात लावला नाही.

केरसुणी

पाऊस संपला, माळ पिवळा पडला. दिवाळीच्या आधी आम्ही गेलो, मॅडम काठी टेकत, मी दोन केरसुण्या आणि कंपनीतले जुने निळे क्रेट घेऊन. गुणवंतने विचारलं, उद्देश? मॅडम म्हणाल्या, झाडलोट. त्याने तसं लिहिलं.

चाकोरी वाळून तिच्यावर तडे गेले होते. आम्ही दिवसभर बसून वरचा गाळ खरवडला, झाडून गोळा केला. खोलवरचा दगडाशी सिमेंटसारखा बसला होता, तो निघाला नाही. खळगीतल्या भेगांमधून मुठीएवढा मिळाला. भरले दोन क्रेट. गायरानात थोडं वर अनुसयाबाईने दाखवलेली एक खळगी होती, तशाच कातळाची, त्यात मॅडमनी गाळ हाताने पसरला. वहीत नवं पान उघडलं, ‘वरची खळगी’. दिवाळीनंतर कोपऱ्यातल्या खळगीवर मुरूम पडला आणि मॅडमनी त्या पानावर रेघ मारली. मी समोर होतो. रेघ पट्टीने मारली होती.

या वर्षी

यंदा त्या जागी निळी शेड उभी आहे. गुणवंतला पक्की केबिन आणि टोपी मिळाली आहे.

वरची खळगी भरली. मॅडम आणि मी तिसऱ्या दिवशी गेलो: शून्य. पाचव्या दिवशी: शून्य. आठव्या दिवशी बेडकाची पिल्लं होती, ती मी स्वतः ओळखली, पण त्याचं कौतुक करायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. मॅडम म्हणाल्या, काही अंडी थांबतात, पुढच्या वर्षीही येतील. हे त्या मला सांगत होत्या की स्वतःला, मला कळलं नाही. दोन क्रेट गाळ, त्यातला किती खरा आणि किती माझ्या टँकरने आणलेली माती, हे कुणालाच माहीत नव्हतं. परत निघताना त्या काठी सावकाश टाकत होत्या. उतारावर मी हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

खालून अनुसयाबाईने हाळी दिली. तिची एक शेळी चाकोरीत पाणी पीत होती.

“बाई, तुमचं किडं हितं हायती.”

आम्ही गेलो. चाकोरीत गेल्या वर्षी न निघालेला गाळ होता, त्यावर वीतभर पाणी साठलं होतं. तळाचा एक तुकडा चालला. मग दुसरा. मॅडम काठी बाजूला टाकून चिखलात गुडघ्यावर बसल्या, दुखऱ्या पायाच्या. त्या बोटाने हवेत मोजत होत्या, ओठ हलत होते. सव्वीसपर्यंत गेल्या.

मग वही मागितली, नवं पान काढलं आणि वर नाव लिहिलं. मी चष्मा वर करून उलट्या बाजूने वाचलं.

‘कदमांची चूक’.

“आक्षेप आहे?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, माहिती बरोबर आहे.

ऊन पडलं होतं. चाकोरीतलं पाणी सकाळपासून बोटभर उतरलेलं काठावर दिसत होतं. दोन-तीन जण उताणे होऊन वर आले होते. मॅडमनी लिहिता लिहिता मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

“मी काही करत नाहीये,” मी म्हटलं, आणि दोन्ही हात खिशात घातले.